आयोडीन घन का आणि हायड्रोजन फ्लोराइड वायू का?

प्रश्न (कळव्याहून, अकरावी विज्ञान): मॅडम, दहावीपर्यंत मी मराठी माध्यमात होते. क्लासमध्ये आंतररेण्वीय बलं शिकवताना फळ्यावर क्रम लिहून दिला: हायड्रोजन बंध सर्वात बलवान, मग द्विध्रुव-द्विध्रुव (एक टोक थोडं धन, दुसरं थोडं ऋण अशा ध्रुवीय रेणूंमधलं), आणि लंडन बल सर्वात दुबळं. मी पाठ केला. पण आयोडीनमध्ये फक्त लंडन बल आहे, तरी ते घन. हायड्रोजन फ्लोराइडमध्ये इतका बलवान हायड्रोजन बंध, तरी तो २० अंशांच्या आतच उकळतो. एचसीएल (हायड्रोजन क्लोराइड) हा एचआयपेक्षा (हायड्रोजन आयोडाइड) जास्त ध्रुवीय, तरी तोच आधी उकळतो. क्रम चुकलाय की मी? आणि पेपरात काय लिहू?

उत्तर:

तुझं काही चुकलेलं नाही. फळ्यावरचा क्रमही सपशेल खोटा नाही, पण त्याच्या आधी एक अट लिहायची राहून गेली आहे. ठाण्यात अकरावी-बारावीला रसायनशास्त्र शिकवताना मला बावीस वर्षं झाली. त्याआधी चार वर्षं रबाळ्याच्या एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत होते. दरवर्षी वर्गातलं एखादं तरी पोर नेमकं आयोडीनवर येऊन अडतं, आणि मला त्या दिवशी बरं वाटतं. बाकीच्यांनी क्रम न चावता गिळलेला असतो.

अट अशी: दोन्ही रेणूंमधल्या इलेक्ट्रॉनांची संख्या साधारण सारखी असेल, तरच तो क्रम लावायचा. आयोडीनच्या एका रेणूत १०६ इलेक्ट्रॉन आहेत, हायड्रोजन फ्लोराइडच्या रेणूत १०. कुस्तीत जोड बघून लावतात. इथे जोडच चुकली आहे, निकालाला दोष देऊन काय उपयोग?

पण आयोडीनकडे जाण्याआधी एक गोष्ट पक्की करून घेऊ, कारण मराठी माध्यमातून आलेली मुलं हमखास इथे ठेचकाळतात आणि त्यात त्यांचा दोष नसतो. इंग्रजीत ‘इंटर’ आणि ‘इंट्रा’ असे दोन शब्द एका श्वासात येतात आणि कानाला सारखेच लागतात. मराठीत घोळ नाही: एक रेणूरेणूंमधलं, दुसरं रेणूच्या आतलं. वहीच्या समासात तेवढंच लिहून ठेव. पाणी उकळतं तेव्हा काय तुटतं असं विचारलं की अर्धा वर्ग म्हणतो, हायड्रोजन आणि ऑक्सिजन वेगळे होतात. मी विचारते, मग चहाचं आधण ठेवल्यावर टोपावर काडी ओढली तर काय झालं असतं? स्वयंपाकघर उडालं असतं. वाफ म्हणजे पाणीच, फक्त रेणू एकमेकांपासून लांब गेलेले. सकाळची लोकल ठाण्याला रिकामी होते तेव्हा गर्दी फुटते, माणसं फुटत नाहीत.

आकडे बघ. एक मोल पाणी, म्हणजे १८ ग्रॅम, १०० अंशांवर वाफ करायला सुमारे ४१ किलोज्यूल लागतात. त्याच पाण्यातले सगळे ऑक्सिजन-हायड्रोजन बंध तोडून सुटे अणू करायचे म्हटले तर सुमारे ९२५. बाविसपटीहून जास्त. इथून पुढे जे काही बोलणार आहे ते सगळं त्या ४१ च्या बाजूचं, रेणूरेणूंमधलं.

आता अटीची परीक्षा घेऊ. पहिल्याच तासाला मी फळ्यावर एक रांग लिहिते, तिला वर्गात ‘अठराची रांग’ म्हणतात. यातल्या प्रत्येक कणात बरोबर १८ इलेक्ट्रॉन आहेत. वहीत मोजून बघ, माझ्या शब्दावर जाऊ नकोस. फ्लोरिन उकळतो उणे १८८ अंशांवर, आरगॉन उणे १८६, ईथेन उणे ८९, एचसीएल उणे ८५, हायड्रोजन सल्फाइड उणे ६०, मेथनॉल अधिक ६५, हायड्रॅझिन ११४, आणि हायड्रोजन पेरॉक्साइड १५०. इलेक्ट्रॉन सारखे, तरी पहिल्या आणि शेवटच्यात ३३८ अंशांचं अंतर.

या रांगेत तुझ्या क्लासच्या फळ्यावरचा क्रम बराचसा खरा ठरतो. ज्यांच्यात ऑक्सिजन किंवा नायट्रोजनला चिकटलेला, म्हणजे हायड्रोजन बंध करू शकणारा, हायड्रोजन आहे ते तिघे शून्याच्या वर, बाकी सगळे बरेच खाली. मेथनॉलमध्ये असा एक हायड्रोजन, पेरॉक्साइडमध्ये दोन, म्हणून ६५ वरून १५० वर उडी. इथवर पाठांतर चालतं.

पण रांगेच्या खालच्या टोकाकडे नीट बघ. ईथेन अगदी अध्रुवीय, एचसीएल ध्रुवीय, आणि दोघांत फरक किती? चार अंश. द्विध्रुवाने फार मोठा तीर मारलेला दिसत नाही. उलट फ्लोरिन आणि ईथेन दोघेही अध्रुवीय, दोघांतही फक्त लंडन बल, दोघांचे इलेक्ट्रॉन सारखे, तरी जवळजवळ शंभर अंशांचा फरक. इथे क्रम मुकाच. फ्लोरिनने आपले इलेक्ट्रॉन मूठ आवळून धरलेत, आरगॉननेही. ईथेनचे इलेक्ट्रॉन आठ अणूंवर ऐसपैस पसरलेले, थोडं ढकललं तरी हलणारे. म्हणजे इलेक्ट्रॉन किती हा पहिला प्रश्न, आणि ते किती सैल हा लगेच दुसरा. या सैलपणालाच तुमच्या पुस्तकात पोलरायझेबिलिटी म्हटलंय, मराठीत ध्रुवणक्षमता.

हा सैलपणा का महत्त्वाचा, ते लंडन बल म्हणजे काय हे कळलं की आपोआप कळतं. (दर वर्षी कुणीतरी विचारतंच, म्हणून सांगते: लंडन शहराचा याच्याशी संबंध नाही. फ्रिट्झ लंडन हा जर्मनीत जन्मलेला शास्त्रज्ञ. १९२७ मध्ये वाल्टर हायटलर या सहकाऱ्याबरोबर त्याने हायड्रोजनच्या रेणूतला सहसंयुज बंध (इलेक्ट्रॉन वाटून घेऊन होणारा) पुंज यांत्रिकीने उलगडला, आणि १९३० मध्ये रेणूरेणूंमधलं हे आकर्षण. म्हणजे रेणूच्या आतलं आणि रेणूरेणूंमधलं, ज्या दोन गोष्टींत मुलं गोंधळतात त्या दोन्ही सोडवण्यात हाच माणूस होता.) अध्रुवीय रेणूतला इलेक्ट्रॉनांचा ढग सरासरीने पाहिला तर समतोल असतो. पण सरासरी आणि या क्षणीची स्थिती वेगळी. ढग सतत डुचमळत असतो, म्हणून एखाद्या क्षणी एका बाजूला थोडा ऋण, दुसऱ्या बाजूला थोडा धन. त्याच क्षणी शेजारच्या रेणूचा ढगही त्याला प्रतिसाद देतो आणि दोघांत ओढ तयार होते. पुढच्या क्षणी दिशा बदलते, पण दोघांचं डुचमळणं एकमेकांच्या तालावर चाललेलं असल्यामुळे ओढ टिकते. ढग जितका मोठा आणि सैल, तितकं डुचमळणं जास्त. यात ध्रुवीय-अध्रुवीय असा भेद नाही. ज्याच्याकडे इलेक्ट्रॉन आहेत त्याच्याकडे लंडन बल आहे, मग ते पाणी असो, एचसीएल असो की हेलियम.

आणखी एक भ्रम इथेच काढून टाकू. ‘रेणुवस्तुमान वाढलं म्हणून लंडन बल वाढलं’ हे वाक्य गाइडमध्ये छापलेलं असतं आणि त्याला गुणही मिळतात. वस्तुमान हे कारण नव्हे. जड रेणूत सहसा इलेक्ट्रॉनही जास्त असतात, म्हणून ते जमून जातं एवढंच. साधा हायड्रोजन उणे २५३ अंशांवर उकळतो. त्याच्या दुप्पट जड ड्युटेरियमचा उत्कलनांक त्याहून तीन-चार अंशच वर. वस्तुमान दुप्पट झालं, इलेक्ट्रॉन दोनाचे दोनच राहिले.

आता तुझा एचसीएल आणि एचआयचा प्रश्न. एचसीएलचं द्विध्रुव आघूर्ण, म्हणजे ध्रुवीयपणाचं माप, १.०८ डिबाय (हे त्याचं एकक), एचबीआरचं (हायड्रोजन ब्रोमाइड) ०.८२, एचआयचं ०.४४. ध्रुवीयपणा भराभर उतरतोय. उत्कलनांक मात्र उणे ८५, उणे ६७, उणे ३५ असे चढतायत. इलेक्ट्रॉन आहेत १८, ३६, ५४. कोण कुणाच्या मागे चाललंय ते उघड आहे. गणिताने या आकर्षणांची वाटणी केली तर एचआयमध्ये जवळजवळ सगळा वाटा लंडन बलाचा निघतो, आणि एचसीएलमध्येसुद्धा चार-पंचमांशाहून जास्त. ज्याला आपण ‘ध्रुवीय रेणूचं ठळक उदाहरण’ म्हणून मिरवतो, त्या एचसीएलमध्ये! पाण्यात मात्र उलट, तिथे ध्रुवीय बाजू वरचढ. म्हणून मला ‘लंडन बल सर्वात दुबळं’ या वाक्याचा राग आहे. ते प्रत्येक घरात असतं आणि बऱ्याच घरांत कर्ता तेच असतं. छोट्या रेणूंत ते क्षीण असतं, एवढं म्हटलं असतं तर चाललं असतं.

आयोडीनचं कोडं यातच सुटलं. हॅलोजनांची रांग लाव: फ्लोरिन १८ इलेक्ट्रॉन, उणे १८८. क्लोरिन ३४, उणे ३४. ब्रोमिन ७०, अधिक ५९. आयोडीन १०६, अधिक १८४. चौघांचाही द्विध्रुव शून्य. तरी दोन वायू, एक द्रव, एक घन. आयोडीनचे बाहेरचे इलेक्ट्रॉन केंद्रकापासून इतके लांब आणि सैल की एक मोल आयोडीन स्फटिकातून थेट बाष्प करायला सुमारे ६२ किलोज्यूल लागतात. बर्फाचं थेट बाष्प करायला सुमारे ५१. ज्याच्यात हायड्रोजन बंधांचं अख्खं जाळं आहे त्या बर्फापेक्षा आयोडीन जास्त घट्ट बांधलेलं. (आयोडीनच्या स्फटिकात लंडन बलाखेरीज आणखी एक ओढही थोडी असते, ती तुला पदवीला भेटेल. पण ब्रोमिनपर्यंतची चढण बघितलीस तर दिशा तीच आहे.)

आणि हायड्रोजन फ्लोराइड? एकेक बंध मोजला तर त्याचा हायड्रोजन बंध पाण्याच्या बंधापेक्षा बलवान, हे खरंच. पण प्रश्न एका बंधाचा नसतो, एका रेणूमागे असे बंध किती, हा असतो. पाण्याच्या रेणूकडे द्यायला दोन हायड्रोजन आणि घ्यायला इलेक्ट्रॉनांच्या दोन मुक्त जोड्या. दोन्ही बाजू जुळल्या, त्यामुळे एक रेणू चार शेजाऱ्यांना धरतो. हायड्रोजन फ्लोराइडकडे घ्यायला तीन जोड्या, पण द्यायला हायड्रोजन एकच. लग्नाला तीन वाढपी आणि भात एकाच पातेल्यात. अमोनियाचं बरोबर उलट, हायड्रोजन तीन आणि मुक्त जोडी एक. म्हणून हायड्रोजन फ्लोराइडच्या नागमोडी साखळ्या होतात, पाण्यासारखं चहूकडे जाळं होत नाही. शिवाय तो उकळतो तेव्हा सगळे बंध तुटतही नाहीत. बाष्पातसुद्धा त्याचे रेणू गटागटाने फिरतात, त्यामुळे उकळायला लागणारी ऊर्जाही कमीच. पाणी १००, हायड्रोजन फ्लोराइड १९.५, अमोनिया उणे ३३. हा क्रम स्पर्धा परीक्षांत वारंवार विचारतात आणि ‘फ्लोरिन सर्वात विद्युतऋण’ (इलेक्ट्रॉन ओढण्यात सर्वात पुढे) एवढंच डोक्यात असलेली मुलं दरवेळी त्यात पडतात.

पाण्याला हायड्रोजन बंध नसता तर? हायड्रोजन टेल्युराइड उणे २, सेलेनाइड उणे ४१, सल्फाइड उणे ६०. हीच उतरण पुढे ओढली तर पाणी उणे सत्तर-ऐंशीच्या आसपास उकळलं असतं. मासुंदा तलाव, उपवन, सगळी तलावपाळी हवेत.

कारखान्यातली एक गोष्ट सांगते, कारण हे मला पुस्तकात कळलं नव्हतं, तिथे कळलं. आमच्याकडे वापरलेली द्रावकं पुन्हा ऊर्ध्वपातन करून शुद्ध करत. एकदा मेथनॉल आणि टोल्युइनचं मिश्रण आलं. मी नुकतीच एमएस्सी होऊन आलेली, शिफ्टच्या काकांना म्हणाले, मेथनॉलमध्ये हायड्रोजन बंध आहे, ते खाली राहील, टोल्युइन आधी निघेल. काका काही बोलले नाहीत, नुसतं थर्मामीटरकडे बोट दाखवलं. वर येत होतं ते चौसष्टच्या आसपास, आणि वासावरूनच कळत होतं, मेथनॉल. टोल्युइन उकळतं १११ अंशांवर. मेथनॉलपेक्षाच काय, पाण्यापेक्षाही वर! ध्रुवीयपणा त्यात नावालाच, पण इलेक्ट्रॉन पन्नास, आणि बेंझिनच्या चपट्या कड्यावर पसरलेले. मेथनॉलचे अठरा. तुझ्या वर्गातली चूक मी पदव्युत्तर पदवी घेऊन केली होती. (बारकावा: वर येणारं ते शुद्ध मेथनॉल नव्हतं. थोडं टोल्युइन मेथनॉलचं बोट धरून वर येतंच, कारण दोघांचं स्थिरक्वाथी, म्हणजे एका तापमानाला एकत्रच उकळणारं, मिश्रण होतं. हा बारावीचा राऊल्टच्या नियमाचा भाग, तिथे पुन्हा भेटू.)

इलेक्ट्रॉनांची संख्या आणि सैलपणा यांच्यानंतर तिसरी गोष्ट म्हणजे आकार, आणि ती क्लासमध्ये बहुतेक घाईघाईत उरकतात. पेंटेनची तीन भावंडं घे, रेणुसूत्र तेच, इलेक्ट्रॉन तेवढेच. सरळ साखळी ३६ अंशांवर उकळते, एक फांदी असलेलं २८ वर, आणि गोळा झालेलं निओपेंटेन साडेनऊवर. लंडन बल अंतर वाढलं की फार लवकर ओसरतं, म्हणून रेणू एकमेकांना किती अंगभर टेकतात यावर सगळं. दोन काड्या शेजारी ठेवल्या तर लांबीभर टेकतात, दोन गोट्या एका बिंदूला.

ठाण्यात जानेवारीतल्या एखाद्या गार सकाळी खोबरेल तेलाची बाटली गोठलेली असते, आणि शेजारचं शेंगदाण्याचं तेल मात्र खुशाल वाहत असतं. खोबरेलात बहुतेक साखळ्या संपृक्त, म्हणजे सरळ, एकमेकींना चिकटून बसणाऱ्या. शेंगदाण्याच्या तेलात दुहेरी बंधामुळे साखळीला मध्येच वाक येतो, आणि वाकड्या काड्यांची मोळी नीट बांधता येत नाही. शुद्ध पदार्थांत हे अजून ठसठशीत दिसतं: १८ कार्बनचं सरळ स्टिअरिक आम्ल ६९ अंशांना वितळतं, १८ कार्बनचंच पण मध्ये वाक असलेलं ओलिक आम्ल १३ च्या आसपास. इलेक्ट्रॉनांत फरक फक्त दोनाचा.

घरातलं दुसरं उदाहरण गॅसचं. आता आपल्याकडच्या बऱ्याच इमारतींत पाइपचा गॅस आला, पण गावी आजीकडे सिलेंडर असेलच. तो हलवला की आत द्रव हिंदकळतो. त्यात मुख्यतः प्रोपेन आणि ब्यूटेन. ब्यूटेन शून्याच्या जरा खाली उकळतं, प्रोपेन उणे ४२ ला. नेहमीच्या तापमानाला नुसता दाब दिला की दोन्ही द्रव होतात. पाइपमधला गॅस म्हणजे मिथेन, इलेक्ट्रॉन फक्त दहा. त्याला कितीही दाबलं तरी उणे ८२ च्या वर तो द्रव होतच नाही. त्याचे रेणू एकमेकांना इतके कमी ओढतात. म्हणून तो घरी सिलेंडरमध्ये द्रवरूपात येऊ शकत नाही, आणि दाभोळसारख्या बंदरात जहाजाने आणायचा तर उणे १६० च्या आसपास गार करूनच आणावा लागतो. कुठल्या तापमानाच्या वर वायूचा द्रव होऊ शकत नाही, हे आकर्षणाशी जोडून दाखवलं योहानेस व्हॅन डर वाल्सने, १८७३ च्या प्रबंधात. सुताराचा मुलगा, शाळामास्तर, नोकरी सांभाळून शिकलेला. १९१० मध्ये त्याला भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. वायूच्या समीकरणातला तुमचा तो ‘ए’ म्हणजे आपण इतका वेळ बोलतोय ते आकर्षणच.

आणि दुबळं दुबळं म्हणून ज्याला हिणवलं, त्याच्या जिवावर पाल भिंतीवर चालते. पावलात गोंद नाही, हवा ओढणाऱ्या वाट्याही नाहीत. बोटांवर बारीक केसांचं रान, प्रत्येक केसाच्या टोकाला शेकडो फाटे, एकेका फाट्याचं टोक मिलिमीटरच्या पाच हजाराव्या भागाएवढं. टोके या मोठ्या जातीच्या पालीवर काम करणाऱ्या शास्त्रज्ञांनी २००२ मध्ये दाखवलं की हे केस पाण्याला धरणाऱ्या आणि पाण्याला झिडकारणाऱ्या, दोन्ही पृष्ठभागांना सारखेच चिकटतात. म्हणजे पाण्याची चिकट करामत नव्हे, व्हॅन डर वाल्स बल, म्हणजे मुख्यतः आपलं लंडन बलच. एकेका टोकाची ओढ नगण्य, पण टोकं असंख्य. आयोडीनच्या १०६ इलेक्ट्रॉनांसारखंच.

करून बघायचं असेल तर स्टीलच्या ताटलीत सारख्या मापाचे चार थेंब टाक: नेलपॉलिश काढायचं अ‍ॅसिटोन, सॅनिटायझर, पाणी, खोबरेल. गॅसपासून लांब, खिडकी उघडी ठेवून. कोण किती वेळात वाळतं ते लिही. अ‍ॅसिटोन सर्वात आधी उडेल. त्यात ऑक्सिजन आहे आणि हायड्रोजनही आहे, पण तो हायड्रोजन कार्बनला चिकटलेला, त्यामुळे अ‍ॅसिटोनचे रेणू आपापसांत हायड्रोजन बंध करू शकत नाहीत. (पाण्यात टाकलं तर पाण्याचा हायड्रोजन घेऊन बंध करतात, म्हणून ते पाण्यात मिसळतं. ‘ऑक्सिजन आहे, हायड्रोजन आहे, झाला हायड्रोजन बंध’ ही परीक्षेतली दुसरी मोठी खड्ड्याची जागा.) खोबरेल दुसऱ्या दिवशीही तिथेच असेल. हायड्रोजन बंध नाही, ध्रुवीयपणा बेताचा, पण रेणू अजस्र.

हा प्रयोग मी पहिल्यांदा जुलैत दिला होता आणि फजिती झाली. मुलं दुसऱ्या दिवशी आली, म्हणाली, मॅडम, पाण्याचा थेंब सकाळीही होता, मग पाणी आणि खोबरेल सारखंच का? ठाण्याचा पावसाळा! हवेत आधीच इतकी वाफ की जितके रेणू थेंबातून उडतात जवळजवळ तितकेच परत येऊन बसतात. सॅनिटायझरमधल्या अल्कोहोलला त्याचा काही फरक पडत नाही, हवेत अल्कोहोलची वाफ कुठे असते? तेव्हापासून मी हा प्रयोग डिसेंबरात देते, आणि बाष्पीभवनाचा वेग व उत्कलनांक या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे जुलैच्या फजितीवरून शिकवते.

एक राहिलं. हे सगळं सुट्या रेणूंच्या पदार्थांपुरतं. कार्बन डायऑक्साइड वायू आणि खाडीतली वाळू, म्हणजे सिलिकॉन डायऑक्साइड, घन, हे लंडन बलाने समजावू नकोस. वाळूत सुटे रेणूच नाहीत, सगळा खडा सहसंयुज बंधांनी एकसंध विणलेला. मिठाचंही तसंच, तिथे आयन आहेत.

आता पेपर. वस्तुनिष्ठ प्रश्नात नुसता ‘बलांचा उतरता क्रम’ विचारला तर क्लासमधलाच लिही, अपेक्षित उत्तर तेच असतं आणि तिथे वाद घालायला जागा नसते. पण दोन पदार्थ देऊन कुणाचा उत्कलनांक जास्त आणि का असं विचारलं, तर आधी दोघांचे इलेक्ट्रॉन मोज. फार फरक असेल तर लंडन बलापासून सुरुवात कर, ध्रुवीयपणाकडे नंतर बघ. जवळपास सारखे असतील तर मग हायड्रोजन बंध आहे का, एका रेणूमागे किती, नसेल तर द्विध्रुव, आणि तेही सारखं असेल तर आकार. कार्बन टेट्राक्लोराइड ७७ अंशांना उकळतं आणि क्लोरोफॉर्म ६१ ला, जरी क्लोरोफॉर्म ध्रुवीय आहे. इलेक्ट्रॉन ७४ आणि ५८. याचं कारण आता तू दोन ओळींत लिहू शकतेस. इंग्रजीत वाक्य अडलं तर आधी मराठीत मनात म्हण, ‘रेणूरेणूंमधलं’, आणि मग ‘इंटर’ लिही.